उलटा पुरलेला संत

"निरीक्षण, तर्क आणि संयम," विंडेल क्रोगस्टॅड म्हणायचा. "या तिन्ही गोष्टी देवाने एकाच माणसात घालायला नको होत्या. पण घातल्या, त्याला मी काय करू? ॲरिझोनातले गुन्हेगार माझ्या नावाने झोपेत दचकतात, होलिस. जे दचकत नाहीत त्यांना माझं नाव अजून कळलेलं नाही."

होलिस ट्वेटन यावर "हो" म्हणायचा आणि गाडी वळवायचा. गाडी त्याची होती, म्हणून तर तो विंडेलचा सहायक होता. सोनोरा सनडाउन या निवृत्तांच्या वसाहतीत सगळेजण गोल्फच्या विजेच्या गाड्यांतून फिरतात, मग आयुष्यात गोल्फची काठी धरलेली नसली तरी बिघडत नाही. विंडेलचीही एक गाडी होती. एका संशयिताच्या पाठलागात त्याने ती तळ्यात घातली. संशयित बदक निघालं, आणि विंडेलच्या बायकोने, इडेलने, किल्ली काढून घेतली ती कायमची. होलिसने डाकोटात जन्मभर शाळेची बस चालवली होती. मागे चाळीस पोरं किंचाळत असताना रस्त्याकडे बघायची त्याला सवय होती, त्यामुळे शेजारी बसलेला एक विंडेल त्याला जड गेला नाही.

विंडेल स्वतः मिनेसोटात पार्किंगचे मीटर तपासायचा. "तिथेच मला माणसाचं काळं अंतरंग कळलं," असं तो सांगे. वसाहतीत त्याने आजवर बरीच प्रकरणं हाताळली होती. त्यातलं हरवलेल्या कवळीचं प्रकरण गाजलं. तीन घरांची झडती झाली, तरणतलाव उपसायची मागणी झाली, आणि कवळी शेवटी मालकाच्या तोंडातच सापडली.

पण यंदाचं प्रकरण होलिसच्या जिवाशी आलं होतं. त्याच्या शेजारी लॉरेटा ऑस्बी राहायची. नवरा क्लिफर्ड जाऊन चार वर्षं झालेली, जीभ तिखट, पाण्यातल्या कवायतीत सगळ्यांच्या पुढे आणि पत्त्यांत लबाड. होलिसही विधुर. आधी दोघं संध्याकाळी साडेचारला एकत्र जेवायला जाऊ लागली, कारण त्या वेळी जेवण स्वस्त असतं. मग साडेचारनंतरही एकत्र असू लागली. शेवटी एके दिवशी लॉरेटा म्हणाली, "हे बघ होलिस, दोन घरांचे दोन वातानुकूलक आणि दोन झाडूवाले पोसायला आपण काही तेलसम्राट नाही. मी माझं घर विकते आणि तुझ्याकडे राहायला येते."

होलिसला त्या रात्री गोळी न घेता झोप लागली.

फक्त घर विकलं जाईना. हिवाळी पाहुणे ईस्टरनंतर उत्तरेला परततात. मग उन्हाळा असा पेटतो की गिऱ्हाईक सोडा, सरडासुद्धा दुपारी बाहेर पडत नाही. त्यातून लॉरेटाची मुलगी मिशिगनहून रोज फोन करत होती. ईस्टरपर्यंत घर नाही गेलं, तर आई, उन्हाळ्यापुरती तरी आमच्याकडे ये, तळघरातली खोली रंगवून ठेवली आहे. उन्हाळ्यापुरतं गेलेलं माणूस तळघरातून परत येत नाही, हे वसाहतीतल्या सगळ्यांना माहीत होतं. आणि एकोणऐंशीव्या वर्षी 'पुढच्या हंगामात बघू' हे वाक्य होलिसला काही केल्या म्हणता येईना.

तेव्हा घर विकून देणाऱ्या दलालीणबाईंनी गंभीर चेहऱ्याने सुचवलं, संत जोसेफ पुरा. घर विकलं जात नसलं की त्याची मूर्ती अंगणात डोकं खाली, पाय वर करून पुरायची. उलटं लटकून बिचारा कंटाळतो आणि सुटकेसाठी गिऱ्हाईक आणतो. घर गेलं की त्याला उकरून काढायचं, धुवायचं आणि नव्या घरात मानाने फळीवर ठेवायचं. लॉरेटा जन्माची लुथरन, म्हणजे संतांना साकडं न घालणाऱ्या पंथाची. लुथरन माणसाने संताकडे मागणं म्हणजे शेजारणीच्या नवऱ्याकडून खिळा ठोकून घेण्यासारखं आहे. काम होतं, पण बोभाटा करत नाहीत. म्हणून मूर्ती गुपचूप पुरायचं काम विंडेलने आपण होऊन अंगावर घेतलं. त्याने नारिंगी जाकीट घातलं, सरकारी मोजणीदाराचं सोंग घेतलं आणि भर दुपारी, सगळे घोरत असताना, काम फत्ते केलं.

"कोणी पाहिलं नाही ना?" लॉरेटाने विचारलं.

"बाई, मी स्वतःसुद्धा पाहिलं नाही. उन्हाने डोळे दिपले होते."

त्यानंतर गिऱ्हाइकं यायला लागली हे खरं. ती घर बघत, सरबत पीत, खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचं कौतुक करत, आणि बाहेर पडली की गायब होत. दलालीणबाईंच्या फोनलाही उत्तर देत नसत. असं सलग चार वेळा झालं. शिवाय आणखी एक कटकट सुरू झाली होती. कोणी ना कोणी होलिसची घंटा वाजवून विचारायचं, "हे घर विकायचं आहे का हो?" होलिस त्यांना हाताला धरून शेजारी लॉरेटाच्या दारापर्यंत सोडून यायचा.

"घातपात," विंडेल म्हणाला. "चल, आधी संताची खबर घेऊ."

दोघांनी लॉरेटाच्या दारासमोर खडी उकरायला सुरुवात केली. तिथे कोणाच्या अंगणात गवत नाही आणि कोणाला कुंपण नाही. समितीने मंजूर केलेली तांबूस खडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली. विंडेलने इथे खोदलं, तिथे खोदलं, निवडुंगाभोवती खोदलं. तासाभरात लॉरेटाच्या अंगणाला देवी आल्यागत खड्डे पडले, पण संत काही सापडला नाही.

"चोरी," विंडेल हळूच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की होलिसला त्याची लाज वाटली. "संत चोरीला गेला आहे. आता सांग, गेल्या आठवड्यात एका दिवसात कोणाचं घर विकलं गेलं?"

"रॉइस टिलट्सनचं. पण विंडेल, त्याने किंमत उतरवली होती."

"किंमत उतरवणं हे तर सोंग."

रॉइस तरणतलावात होता. कमरेपर्यंतच्या पाण्यात पंधरा बायका आणि तो एकटा, गाण्याच्या तालावर हात वर, हात खाली करत होते. विंडेल काठावर उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "टिलट्सन, संत कुठे आहे?"

"कोण?" रॉइसने हात वरच ठेवले.

"जोसेफ. हात वर केलेस ते बरं केलंस."

"अरे बाबा, आमची कवायतच वर हाताची आहे. आणि माझा जोसेफ माझ्या फळीवर उभा आहे, प्लास्टिकचा. तुमचा कशाचा?"

"चिनी मातीचा," होलिस म्हणाला.

"मग झालं की. विंडेल, इडेलला विचार, तुला घरात घेते का अजून." पंधरा बायका हसल्या, आणि त्यांत लॉरेटा सगळ्यांत मोठ्याने हसली.

परतीच्या वाटेवर विंडेलने नवा सिद्धांत मांडला. रॉइस निर्दोष होता, कारण तो फारच संशयास्पद होता. खरी टोळी म्हणजे होलिसची घंटा वाजवणारी माणसं. "ते शेजारच्या घराचे पहारेकरी तपासतात. तू घरी असतोस की नाही, हे बघतात."

"ते माझ्या ग्रेपफ्रूटच्या झाडाविषयी विचारतात."

"झाडावर चढून टेहळणी करायची असणार."

होलिसने गाडी वळवली. ते झाड त्याच्या बायकोने, आर्डिसने लावलं होतं. ती गेली त्या हिवाळ्यात झाड फळांनी वाकलं होतं आणि ती फळं त्याला एकट्याला संपवता आली नव्हती. पुढच्या वर्षीपासून अर्धी तो लॉरेटाच्या पायरीवर ठेवू लागला. सगळी सुरुवात तिथूनच झाली होती.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी कॅनडातल्या रेजायनाहून एक जोडपं घर बघायला आलं. लाइल आणि बर्नाडीन, चांगली गोरीगोमटी आणि उन्हाने टोमॅटो झालेली. ही शेवटची गिऱ्हाइकं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लॉरेटाने बॅगा आधीच माळ्यावरून उतरवल्या होत्या. त्या होलिसला खिडकीतून दिसत होत्या आणि तो त्यांच्याकडे बघायचं टाळत होता.

"आज मी टोळीला रंगेहाथ पकडणार," विंडेल म्हणाला. त्याने नारिंगी जाकीट चढवलं आणि मोजपट्टी घेऊन तो खड्ड्यांच्या मध्ये ठाण मांडून बसला. होलिस झाडाखाली खुर्ची टाकून बसला.

अर्ध्या तासाने जोडपं बाहेर आलं. चेहरे खुशीत होते. होलिसचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात विंडेल त्यांच्यापुढे उभा राहिला.

"नमस्कार. आत काही संशयास्पद आढळलं?"

"म्हणजे?" बर्नाडीन म्हणाली.

"वास, डाग, ओरडण्याचा आवाज? घाबरू नका, आम्ही फक्त जमिनीत काय पुरलंय ते शोधतोय. काल सगळीकडे खोदलं, पण सापडला नाही."

"कोण सापडला नाही?" लाइलने बायकोचा हात धरला.

"ते तुम्हाला सांगता येणार नाही. डोकं खाली, पाय वर, एवढंच सांगतो."

बर्नाडीनचा टोमॅटो पांढरा पडला. दोघं गाडीकडे निघाली, आणि होलिसला कळलं की आधीची चार गिऱ्हाइकं का गायब झाली असतील. त्याला उठून विंडेलचा गळा धरावासा वाटला. पण गुडघ्यांनी वेळ घेतला, आणि तेवढ्यात इडेल नवऱ्याचा डबा घेऊन आली.

"विंडेल, तू लॉरेटाच्या अंगणात का खोदलंयस?" तिने विचारलं.

"संत चोरीला गेलाय."

"चोरीला कशाला जाईल? तू तो होलिसच्या अंगणात पुरलास. त्या झाडाखाली. मी समोरून बघत होते."

इडेलने डबा विंडेलच्या हातात दिला, होलिसला खुर्ची सरकवायला लावली आणि चपलेच्या टोकाने खडी बाजूला केली. आधी दोन चिनी मातीची पावलं दिसली.

"तेव्हाच सांगितलं का नाहीस?" विंडेल म्हणाला.

"मला वाटलं, होलिस घर विकतोय. हल्ली तुम्ही दोघं मला काही सांगता का?"

गाडीपाशी थबकलेली बर्नाडीन मागे वळली. जमिनीतून काय निघतंय ते बघायला ती घाबरत पुढे आली आणि संत बघून तिने छातीवर क्रूस काढला. ती कॅथलिक होती. "म्हणजे हा जोसेफ होता? हो की नाही?" मग तिने वर, फळांनी लगडलेल्या फांद्यांकडे बघितलं. "आणि हे घर? हे झाडवालं घर विकायचंय का? लाइल, मी मघाशीच म्हटलं होतं तुला."

"नाही हो," होलिस सवयीने म्हणाला. "ते शेजारचं."

"होलिस," लॉरेटा दारातून म्हणाली. ती केव्हापासून तिथे उभी होती कोणास ठाऊक. "महिनाभर लोक तुझी घंटा वाजवून पैसे द्यायला येतायत, आणि तू त्यांना हाताला धरून माझ्याकडे आणून सोडतोस. तुला काही म्हणजे काही सुचत नाही का?"

"पण तू माझ्याकडे येणार होतीस."

"कारण तू माझ्याकडे आला नसतास. आर्डिसचं झाड सोडून तू हलणार नाहीस, असं मला वाटलं. म्हणून मी विचारलंच नाही, सरळ माझं विकायला काढलं."

होलिस झाडाकडे बघत राहिला. खरं सांगायचं तर तिने विचारलं असतं, तर तो नाहीच म्हणाला असता. मग त्याला बॅगा आठवल्या. आणि मग त्याचं लक्ष, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, झाडाच्या डाव्या बाजूकडे गेलं. फांद्यांना हद्दीचा नियम कळत नव्हता. अर्धं झाड लॉरेटाच्या खडीवर ओणवं झालं होतं.

"बर्नाडीनबाई," तो म्हणाला, "त्या बाजूच्या फांद्या छाटायच्या नाहीत. एवढंच माझं म्हणणं."

"देवाशप्पथ नाही छाटणार," बर्नाडीन म्हणाली, आणि संताला धुवायला पाणी मागू लागली.

विंडेलने त्या रात्रीच वसाहतीत जाहीर केलं की प्रकरण त्याने सोडवलं. सगळं त्याच्या योजनेप्रमाणेच घडलं, म्हणे. संत त्याने मुद्दाम तिथे पुरला होता, कारण दोन म्हाताऱ्यांना अक्कल यायची वाट बघायला त्याच्याकडे संयम होता. लोकांनी माना डोलावल्या. इडेलने किल्ली मात्र परत दिली नाही.

मे महिन्यात होलिसने आपल्या चार खुर्च्या आणि एक गादी खडीवरून ओढत शेजारी नेली. संत जोसेफ लॉरेटाच्या फळीवर क्लिफर्ड आणि आर्डिसच्या फोटोंमध्ये उभा राहिला, डोकं वर, पाय खाली. बॅगा पुन्हा माळ्यावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं स्वयंपाकघरात ग्रेपफ्रूट खात बसली होती. फांदी खिडकीला टेकत होती, फळ हात बाहेर काढून तोडता येत होतं. तेवढ्यात शेजारी, आता बर्नाडीनच्या झालेल्या दारावर धाडधाड थापा पडल्या आणि विंडेलचा आवाज आला. "बाई, मला फसवू नका. होलिस ट्वेटन या घरात राहतो. काल होता, आज नाही. त्याचं काय केलंत तुम्ही?"

होलिस अर्धवट उठला. "मी जाऊन सांगतो त्याला."

"बस खाली," लॉरेटा म्हणाली, आणि तिने त्याच्या फोडीवर साखर भुरभुरली. "आधी खा."