परबांची पाणबुडी

आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमधले दत्तारामभाऊ परब दर रविवारी गच्चीवरच्या निळ्या पिंपात जर्मन पाणबुडी बुडवतात. हातभर लांब, पत्र्याची, स्वतः घडवलेली. मरोळच्या कारखान्यात जन्म लेथवर काढला, ऐंशी ओलांडली तरी हात थरथरत नाही हो! नळीतून फुंकर मारली की तिच्या पोटातलं पाणी बाहेर जातं आणि ती वर येते. येते म्हणजे, यायला हवी. बरेचदा मीच बाही वर सारून तळातून काढते.

मी पापड वाळत घालायला गेले की पकडतातच.

"वयनी, माणसां पन्नास, संडास दोन! त्यातल्या एकात खाण्याचे डबे भरलेले!"

"म्हणजे आमच्या चाळीपेक्षा वाईट."

"चाळीक खिडकी तरी होती!"

त्यांची बायको शालिनी मात्र ती वस्तू घरात घेऊ देत नाही. दत्तारामभाऊंचे वडील बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचे. महायुद्धात असल्याच पाणबुडीने ती बोट फोडली, तेव्हा हे आईच्या पोटात.

"सासऱ्यांना गिळलेली अवदसा ती! भंगारवाल्याला देते की नाही बघ एक दिवस!" शालिनी म्हणते. खरं सांगू? मलाही वाटायचं, हा माणूस वैऱ्याची एवढी आरती का ओवाळतो?

वडिलांची तिथी ठाऊक नाही, म्हणून परबांकडे पान सर्वपित्रीला. यंदा मी मदतीला गेले. पान घेऊन आम्ही दोघी गच्चीवर पोचलो, तर दत्तारामभाऊंनी शेजारी दुसरं केळीचं पान मांडलेलं. रिकामं.

"हे कोणाचं?" शालिनीचा आवाज चढला.

ते पिंपाकडे बघत राहिले. "ती पाणबुडी पण बुडली गो. थोड्याच महिन्यांनी. सगळी गेली. मोबाईलवर नावां वाचलंय मी. वीस-बावीस वर्सांची पोरां."

"मग?"

"बाबांक मी आसंय. ह्यांची लग्नां पण झाली नव्हती. ह्यांका कोण वाढतलो?"

शालिनी पाय आपटत जिना उतरली. मी म्हटलं, झालं, आता श्राद्धाच्या दिवशी भांडण. दत्तारामभाऊ तसेच उभे.

ती परत आली ती भांडी घेऊन. रिकाम्या पानावर भात वाढला, वडे वाढले. सांबाऱ्याची पळी उचलली आणि थांबली.

"काळ्या वाटाण्याचं सांबारं झोंबेल पोरांना," ती म्हणाली, आणि खीरच दोनदा वाढली.