शेवटच्या दिवशी गाडीतून

"अरे, पण हिच्यात बसायचं कसं?" बाबांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. चिरंजीवांची स्पोर्ट्स कार इतकी बुटकी होती की दार उघडलं की सीट फुटपाथच्याही खाली दिसायची. आणि बाबांचे गुडघे हल्ली साध्या खुर्चीलाही नाही म्हणायचे. बाबांनी एक पाय आत घातला, छताला हात लावला, डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. ते बसले नाहीत, पडले.

"झकास! बघा, सीट कशी मिठी मारते," चिरंजीव म्हणाले.

"मिठी मारते ते ठीक आहे. सोडते ना?" दारात उभ्या असलेल्या ताईने विचारलं.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातल्या पोराने घ्यायचीच झाली तर बरीशी जुनी स्कूटर घ्यावी. चिरंजीवांनी शेजारपाजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते तेही स्कूटरसाठीच. पण स्कूटर बघायला ज्या अंगणात गेले तिथे कोपऱ्यात ही उभी होती. लाल, दोन सीटांची, नाक पुढे काढलेली आणि पावणेतीन लाख किलोमीटर पळालेली.

"अहो, ते हायवेचे किलोमीटर आहेत. ते धरायचे नसतात," मालक म्हणाला.

चिरंजीवांनी धरले नाहीत. स्कूटरच्या पैशात स्पोर्ट्स कार विकणारा मूर्ख कोण, हा विचार त्यांच्या मनात आला. विकत घेणारा कोण, हा काही आला नाही.

गाडी घरी आली तेव्हा आई म्हणाली, "दोनच माणसं बसणार? मग मी आणि ताई कुठे?"

"ढकलायला," ताई म्हणाली. आणि कार्टी खरं बोलली. मेकॅनिकने बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं, कुणाच्या घरी समाचाराला आल्यासारखी मान हलवली आणि सांगितलं, "स्टार्टर गेलाय. उतारावर उभी करत जा, नाहीतर धक्का मारायचा. एकदा चालू झाली की मात्र ॲक्सिलरेटरवरचा पाय काढू नकोस."

नवा स्टार्टर घ्यायला खिशात दमडी नव्हती. महिनाभर घरादाराची बोलणी खाऊन चिरंजीव अगदी रडकुंडीला आले होते. तेवढ्यात बाबांच्या निवृत्तीचा दिवस उगवला. बाबा भूमापन कार्यालयात नकाशे काढायचे आणि नोकरी लागल्यापासून एकाच बसने, एकाच खिडकीशी बसून जायचे. शेवटच्या दिवशी तरी त्यांना गाडीतून रुबाबात नेऊन सोडावं, म्हणजे गाडीचंही सार्थक होईल आणि आपलंही, असं चिरंजीवांनी ठरवलं.

"आज बसनेच गेलो असतो रे," बाबा आदल्या दिवशी म्हणाले होते.

"आयुष्यभर बसनेच गेलात की!"

पोराचा चेहरा बघून बाबांनी मान डोलावली. तिथेच त्यांना नीट विचारायला हवं होतं. पण हौसेला कान नसतात.

सकाळी बाबा आत पडल्यावर उतारावरून गाडी सुरू झाली आणि बाजारापर्यंत खरोखरच ऐटीत गेली. बाजाराच्या तोंडाशी मात्र स्पीडब्रेकर होता. पुढची चाकं पलीकडे उतरली, मागची अलीकडेच राहिली आणि गाडी मधोमध पोटावर टेकली. इंजिनने एक उचकी दिली आणि ते गप्प झालं. अरुंद रस्ता, दोन्हीकडे दुकानं. मागे बस येऊन थांबली आणि हॉर्नवर हॉर्न वाजवू लागली.

"कोण रे तो शहाणा? घे की बाजूला!" ओरडत कंडक्टर खाली उतरला. खिडकीपाशी येऊन वाकला, आणखी वाकला. "काका? तुम्ही इथे? अहो, तिकडे स्टॉपवर आम्ही बस धरून ठेवली होती तुमच्यासाठी! ड्रायव्हर जागचा हलायला तयार नव्हता."

"माझ्यासाठी?"

एव्हाना रोजची मंडळी खाली उतरली होती. इस्पितळातल्या नर्सबाईंच्या हातात मोठा गुच्छ होता. "तुमच्या सीटला फुलं बांधलीत, काका. कुणाला बसू दिलं नाही आम्ही." त्यांच्या मागे बँकेतले गृहस्थ घडी घातलेला कागद धरून उभे होते. उभ्या जन्मात भाषण न केलेला तो माणूस आज करणार होता.

बाबांचे डोळे भरून आले. "मला बाहेर काढा रे," ते म्हणाले.

कंडक्टरने एक हात ओढला, बँकवाल्यांनी दुसरा. हात आले, बाबा आले नाहीत. "अगं आई गं, गुडघा!" तोवर बसच्या मागे गाड्यांची रांग लागली आणि तिच्यातून शिव्या ऐकू येऊ लागल्या. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "आधी गाडी काढा, मग काका काढा!"

सगळ्यांनी मिळून गाडीला हात लावला. नर्सबाईंनी गुच्छ काखेत धरला आणि ढकललं. बँकवाल्यांनी कागद दातांत धरला आणि ढकललं. गाडी स्पीडब्रेकरवरून सुटली, घरंगळली, खोकली आणि सुरू झाली. मागे टाळ्यांचा एकच कडकडाट झाला.

चिरंजीवांनी पाय दाबला.

"थांबव रे. मंडळी मागून येतायत," बाबा म्हणाले.

"बाबा, थांबवली तर परत बंद पडेल."

आरशात नर्सबाई गुच्छ उंच धरून धावत होत्या. मग चालू लागल्या. मग उभ्या राहिल्या. बाबांना मान वळवून बघायचं होतं, पण ती सीट मानही वळू देत नव्हती. गाडी पडली असती बंद तर पडू द्यायला हवी होती, हे चिरंजीवांना पुढच्या वळणावर कळलं. तोवर वळण गेलं होतं.

ऑफिसच्या फाटकात वॉचमन आणि शिपाई बाबांना उपसत असताना ती बस समोरून गेली. उशीर झालेली बस, स्टॉपवर टेकली न टेकली आणि निघाली. बाबांनी हात हलवला. इतक्या खालून केलेला हात बसच्या खिडकीत कुणाला दिसणार? संध्याकाळी ऑफिसातही निरोप झाला. साहेबांनी दोन शब्द बोलताना बाबांचा विभागच चुकीचा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कपडे करून, पिशवी घेऊन दारात उभे.

"बाबा, आजपासून सुट्टी ना?"

"ऑफिसला. बसला नाही."

"स्टॉपपर्यंत सोडू?"

"नको रे बाबा!" म्हणत ते गुडघे सांभाळत शक्य तितक्या वेगाने निघाले.

चिरंजीव दोन तास दाराशीच बसून राहिले. बाबा परत आले ते रिकामी पिशवी घेऊन.

"भेटले सगळे?"

"भेटले. माझ्या जागी कुणी नवीनच बसला होता, म्हणून उभाच होतो. फुलं कालच कोमेजली."

"आणि भाषण?"

"म्हणाले, एकदा कशीबशी हिंमत केली होती काका, पुन्हा नाही व्हायची."

चिरंजीवांना मान वर करवेना. "माझ्यामुळे झालं सगळं, बाबा."

"छे रे! उलट सगळे कौतुकाने विचारत होते, पोराची गाडी कशी आहे म्हणून."

"मग?"

बाबा चप्पल काढता काढता अगदी मनापासून म्हणाले, "सांगितलं की, फार छान आहे. एकदा निघाली की कुणासाठी थांबत नाही."