वातुपुतिहचं सुधारित वर्तुळ

जावा बेटावरचा वातुपुतिह पर्वत गेले तीन आठवडे फुटत होता आणि त्याबद्दल कोणाचीही लेखी तक्रार नव्हती.

'फुटत होता' हे ज्वालामुखीवरच्या निरीक्षण चौकीचे प्रमुख दार्सोनो यांचं खाजगी मत. लोक पर्वताला आजोबा म्हणत, आणि आजोबा फुटत नाहीत, त्यांच्या घरी कार्य निघतं. सरकारी पत्रकातही मग 'पर्वताची कार्यमग्नता वाढली आहे' असंच छापून येई. तिथे तोंडावर नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा. फारच झालं तर 'अजून नाही' म्हणतात. "वर जाणं सुरक्षित आहे का?" असं कोणी विचारलं की दार्सोनो "अजून नाही" म्हणत, आणि ऐकणारा दुपारपर्यंत होईलच असं समजून चालू लागे.

शेवटी दार्सोनोंनी नकाशावर पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं. आतल्या सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडावं, असा आदेश तयार झाला. त्याला फक्त बैठकीची संमती हवी होती. मतदान करून कोणाला हरवण्याची तिथे पद्धत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं असतं. फराळाचे डबे आले, डब्यांवर राख पडली, ती झटकून लोक बसले.

पर्यटकांना लाव्हा दाखवणाऱ्या जीपसंघटनेचे अध्यक्ष पार्जियो आधी बोलले. "साहेब, वर्तुळ झकास आलंय. फक्त आमचा रस्ता तेवढा आत सापडतोय. इथे जरा दाबून घेतलंत तर?"

"पार्जियोभाऊ, दाबलं तर ते वर्तुळ राहील का?"

"राहील हो. मनात आणलं तर काय राहत नाही?"

पार्जियोंच्या मुलीच्या लग्नात दार्सोनो पंगतीला बसले होते, मटण दोनदा वाढून घेतलं होतं. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? त्यांनी खोडरबर काढलं. मग तालुक्याचे अधिकारी रुस्तामाजी खाकरले. त्यांच्या मेहुण्याचं हॉटेल होतं. नंतर वाळूचे ट्रकवाले आले, त्यांच्यापाठोपाठ देवस्थानाचे विश्वस्त. एकाला दिलं ते दुसऱ्याला नाकारायचं कसं? संध्याकाळपर्यंत वर्तुळ उंदरानं कुरतडलेल्या पापडासारखं दिसू लागलं. लाव्हा या खाचांना वळसा घालून जाईल, असं गृहीत धरण्यात आलं. लाव्हाच्या वतीनं बैठकीला कोणी हजर नव्हतं, त्यामुळे तेही एकमतानंच.

घरी दार्सोनोंची बायको सुतिनाह वाटच बघत होती. पर्वताच्या अगदी समोर, पर्यटक फोटो काढतात तिथे तिची केळ्याच्या भज्यांची टपरी होती.

"जीपवाल्याला सवलत, हॉटेलवाल्याला सवलत," ती म्हणाली. "नियम काय तो बायकोलाच?"

"अगं, ती जागा आजोबांच्या अगदी तोंडाशी आहे."

"आणि जीपा कुठे थांबतात? माझ्या चुलीशीच ना? त्यांना पर्वत ओळखतो वाटतं?"

दार्सोनोंनी पुन्हा नकाशा उघडला. त्यांना स्वतःची लाज वाटली, भीतीही वाटली. पण खाच टपरीएवढीच तर होती. त्यांनी ती काढली आणि खाली सही केली.

सुधारित वर्तुळाच्या आत आता दोनच गोष्टी उरल्या होत्या, पर्वताचं मुख आणि निरीक्षण चौकी. आदेश तो आदेश. पोलीस आले आणि त्यांनी पर्वतावर नजर ठेवणाऱ्या सगळ्यांना सुरक्षित स्थळी हलवलं. शंभर टक्के स्थलांतर झाल्याबद्दल तालुक्याचं कौतुक झालं.

दार्सोनो मग तालुक्याच्या कचेरीत बसून पडद्यावर पर्वत पाहू लागले. गुरुवारी भर दुपारी पडद्यावरची हादऱ्यांची रेघ वेडीवाकडी उसळली आणि तशीच राहिली. त्यांनी फोन लावला.

"सुतिनाह, सगळं टाक आणि पळ!"

"का हो? आपण वर्तुळाबाहेर आहोत ना?"

"वर्तुळ गेलं खड्ड्यात! पळ म्हणतो ना!"

"असं काय बोलता? सही तुमचीच आहे. सकाळीच एक बाई घाबरल्या होत्या. मी म्हटलं, आमचे हे चौकीचे प्रमुख आहेत, ते उगाच सही करतील का? तेव्हा कुठे थांबल्या."

"ती सही खोटी आहे गं! तुझं मन मोडवेना म्हणून केली!"

"थांबा, गिऱ्हाईक आहे. काय सुंदर ढग उतरतोय बघा, सगळे फोटो काढतायत."

फोनमध्ये तेल चुरचुरत राहिलं. मग फोनच बंद झाला. दार्सोनो तिचं नाव घेऊन ओरडत होते आणि शेजारच्या टेबलावरचे लोक इतका मोठा आवाज कचेरीत बरा दिसत नाही म्हणून खाली पाहत होते.

वर्तुळ निर्दोष असून पर्वतानं मंजूर हद्द ओलांडली, असा चौकशी समितीचा निष्कर्ष आहे.

वाचकहो, दार्सोनोंचा राग आला असेल तर चांगलंच आहे. त्या रागातच फ्लॅट घेताना बिल्डरनं दाखवलेला नकाशा जरा काढून बघा. नदीची पूररेषा तुमच्या इमारतीपाशी येऊन अदबीनं वळसा घालून गेलेली दिसेल. ती अशी कशी वळली, हे तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, की बाल्कनीतून पाणी दिसतं ना, एवढंच?