शालनताईची मोजकी हवा

आमच्या सांगलीच्या घरी वाढदिवस असला की शालनताई केकाकडे बघतसुद्धा नाही. ती आधी फुगे तपासते. एखादा टम्म दिसला की गाठ सोडून थोडी हवा काढते आणि म्हणते, “आता कसा सुखात हाय बघ.” पोरं बोंबलतात, ती पुढच्या फुग्याकडे वळते.

माझी ही चुलतबहीण मूळची कुंडलची. मिरजेच्या एका इस्पितळात आयसीयूची डॉक्टर. व्हेंटिलेटर माणसाला जगवतो, पण त्याच्या हवेनं फुफ्फुस फार ताणलं तर तेच यंत्र इजा करतं. दुखावलेल्या पेशींतून काही प्रथिनं रक्तात उतरतात. त्यांवरून ही इजा वेळेत ओळखता येईल का, हा ताईचा ध्यास. गावात ती हे असं सांगते: “फुफ्फुस मुकं असतंय, रक्त चुगली करतंय.” आणि लगेच बजावते, “पर एकट्या चुगलीवर इसंबायचं न्हाई. माणूस बी बघायचा.” लग्नाच्या पंगतीत, पानात जिलबी पडत असताना हे ऐकवणारी दुसरी बाई जिल्ह्यात दाखवा, मी मिशी उतरवीन.

गेल्या वर्षी तिच्याच वडिलांना, आमच्या आबांना, न्यूमोनिया झाला आणि व्हेंटिलेटर लागला. आबा जुने पैलवान. अंगानं बुटके, पण छाती दरवाजाएवढी. यंत्रानं श्वास केवढा द्यायचा ते माणसाच्या उंचीवरून ठरतं. तालमीनं छाती रुंदावते, फुफ्फुस वाढत नाही. म्हणून टेप लावून आबांची उंची मोजली, आणि बाहेर आबांचे धाकटे भाऊ तात्या पेटले. पैलवानाला शाळकरी पोराएवढा श्वास? उसाला पाणी पोचेना तर आपण मोठी मोटर बसवतो की नाही? शेवटी सगळ्या भावकीदेखत ते म्हणाले, “शालन, बापाला हवा द्यायला बी हात आखडतीस व्हय गं?”

“आखडतेच,” ताई म्हणाली आणि बाकावर बसून राहिली.

रक्ताचे नमुने जात होते, चुगली वाढत नव्हती. आबा हळूहळू यंत्रावरून सुटले. आता ते तालमीच्या कट्ट्यावर बसून नव्या मल्लांना शिव्या घालतात, आणि आपल्या पुतणीनं भावाला कसं परत आणलं ते तात्या एसटीत शेजारी बसेल त्याला सांगतात. मी तरी कुठं कमी सांगतो?

परवा मी ताईला म्हटलं, बापाच्या यंत्रावर हात स्थिर ठेवलास, मानलं तुला. तिनं मला तिथंच अडवलं.

“यंत्रावर माझा हात न्हवताच रं. आबांची धाप बघून पैल्याच दिवशी मीच हवा वाढवाय निघाले हुते. मग संगतीच्या डॉक्टरला म्हटलं, आता तूच बघ, आन मला यंत्राजवळ येऊ दिऊ नगंस.”

मग तात्यांचं एवढं का ऐकून घेतलंस, मी विचारलं.

“त्यास्नी कुणावर तरी चिडाय पायजे हुतं की,” ताई म्हणाली. “त्यांचा बी भाऊच हुता आत.”