वाटीतलं लिंबू

चौलला आमच्या शेजारच्या वाडीत एकटे राहणाऱ्या गजाकाकांनी कुणाची वाटी कधी रिकामी परत केली नाही. तशी ती कुणीच करत नाही. लोक वाटीत चमचाभर साखर घालतात, दोन वड्या घालतात. गजाकाका हाताला लागेल ते घालत. आमटी गेली की लिंबू यायचं. उसळ गेली की एक सुपारी. एकदा भरल्या वांग्यांच्या बदल्यात खिळा आला, तोही वापरलेला. वर त्यांचं ठरलेलं वाक्य, "घे सूनबाई, समजंल हळूहळू." पाऊस येईल का विचारलं तरी हेच.

मी तेव्हा बावीस वर्षांची नवी सून. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, त्यामुळे सरळ गोष्ट सरळ दिसायची बंद झाली होती. आज माझी नात मोबाइलवर कुणाचा नुसता अंगठा आला की "आजी, हा रागावलाय का गं?" म्हणत तासभर डोकं धरून बसते. मी तिला हसते, पण चोरून. कारण त्या खिळ्यावर मी दोन दिवस काढले होते. मी टोचून बोलते असं म्हणायचंय का? सुपारी आली म्हणजे उसळ कडक राहिली? लिंबू तर मी उंबऱ्याबाहेर ठेवून त्याला वळसा घालून जात होते.

सासूबाईंना विचारलं. त्या विळीवरून मान वर न करता म्हणाल्या, "लिंबू आहे ना? मग सरबत कर."

मग एकदा वाटीतून चिमूटभर मीठ आलं. म्हणजे माझी डाळ अळणी! मी दोनदा चाखून पाठवली होती. सासूबाई नेमक्या लेकीकडे म्हसळ्याला गेलेल्या, विचारणारं कुणी नव्हतं. मी वाटी पाठवणं बंद केलं.

नवव्या दिवशी दुपारी गजाकाका स्वतःच दारात उभे. हातात त्यांच्या घरची पितळी वाटी. आत भात, खाली करपलेला आणि वर कच्चा.

"तुमची वाटी आली न्हाय," ते म्हणाले. "म्हटलं, आपलंच काय चुकलं असंल. आमची ही म्हणायची, रिकामी वाटी धाडली की लोकांना वाटतं घरात बाई न्हाय."

काकूंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

"पण मग मीठ का घातलंत?" माझं मानसशास्त्र अजून सुटत नव्हतं.

"दुसरं काय न्हवतं घरात."

मी भात काढून घेतला, वाटी घासली. आता हिच्यात घालायचं काय? स्वयंपाक संपलेला, डब्यांची झाकणं उघडतेय आणि परत लावतेय, काही धड सुचेना. शेवटी हाताला लागलं ते ठेवलं.

गजाकाकांनी वाटीत पाहिलं. लिंबू उचललं, फिरवून फिरवून बघितलं. "ह्याचं काय समजायचं, सूनबाई?"

"समजेल हळूहळू," मी म्हटलं. "उद्या आमटी पाठवते."

ते निघाले. वाटीत एकच लिंबू, पण कुंपणापर्यंत ती दोन्ही हातांनी धरून गेले, काठोकाठ भरलेली असावी तशी.