माशीचं कार्यक्षेत्र

गाय आजारी आहे, याबद्दल कार्यालयात दुमत नव्हतं. ताप चढत-उतरत होता, पाय सुजले होते आणि तरुण पशुवैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या रक्तात वळवळणारे परजीवी स्वतः पाहिले होते. औषध कार्यालयाच्याच फ्रीजमध्ये होतं. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर गाय वाचणार होती.

"परजीवी दिसला, मान्य," मोठे साहेब म्हणाले. "पण तो आला कुठून?"

"चावणाऱ्या माशीतून, सर."

"मग ते सिद्ध करा. औषध माशीजन्य रोगासाठी मंजूर आहे. नुसत्या रोगासाठी नाही."

अडचण अशी की, माशी उडत असेपर्यंत कीटक विभागाची असे आणि गाईवर बसली की पशू विभागाची. चावा दोघांच्याही हद्दीत येत असल्याने तो संयुक्त समितीसमोरच होणं आवश्यक होतं.

समिती आली. गोठ्यात खुर्च्या मांडल्या गेल्या. पहिली माशी थेट मोठ्या साहेबांच्या मानेवर बसली. पण माणसावरची माशी आरोग्य विभागाकडे येते, म्हणून तिची दखल घेतली गेली नाही. साहेबांनी मान चोळत धूर करायला सांगितलं. मग फवारा मारला, दोन मोठे पंखे लावले. तासाभरात गोठ्यात माशी औषधालाही उरली नाही.

"माशीच नाही," कीटक विभागाचे साहेब म्हणाले. "म्हणजे माशीजन्य रोगही नाही."

"पंखे बंद करून बघू या का, सर?" पशुवैद्याने विचारलं.

"आणि आम्हाला चावल्या म्हणजे?"

गोठ्याची मालकीण मावशी इतका वेळ गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "साहेब, तुम्ही आलात की माश्या पळतात, तर इथेच मुक्काम करा की. चारापाण्याचं मी बघते."

समितीने ही सूचना हसण्यावारी नेली आणि गोठा माशीमुक्त जाहीर केला. माशीमुक्त गोठ्यात ते औषध नेता येत नसल्याने फ्रीजची किल्ली मोठ्या साहेबांच्या खिशात गेली.

संध्याकाळी मावशीकडून दूध घेणारी सगळी मंडळी पशुवैद्याच्या दारात जमली. त्याचा जीव भांड्यात पडला. एवढ्या माणसांनी आवाज केला, तर साहेबांना किल्ली काढावीच लागेल.

"डॉक्टर," पुढे उभे असलेले काका म्हणाले, "त्या दुधाने आम्हाला काही होत नाही ना?"

"नाही."

मंडळी समाधानाने घरी गेली. गाय पहाटे गेली.

वाचकहो, सुरुवातीपासून तुमच्याही मनात काकांचीच शंका असेल, तर उत्तर वर आलेलं आहे. निश्चिंत असा.