बॅग आपलीच असल्याचा पुरावा

"एवढ्याशा मजकुरासाठी बाहेरचं माणूस कशाला? मी आहे ना!" हे वाक्य बोलायची दुर्बुद्धी मला का झाली, कोण जाणे.

माझ्या बायकोचं बॅगा दुरुस्त करायचं दुकान आहे. चेन, बंद, चाकं, उसवलेली शिवण, सगळं करते. हाताला सफाई आहे. पण दुकानासमोरचा रस्ता पाइप टाकायला खणला आणि गिऱ्हाइकं खड्ड्यापलीकडूनच माघारी जायला लागली. "असंच चाललं तर शटर कायमचं ओढावं लागेल," ती जेवताना म्हणाली आणि हातातला घास तिने परत ताटात ठेवला. मला फार वाईट वाटलं. (मला वाईट वाटलं की मी मदत करतो. घरातली बरीचशी संकटं इथूनच सुरू होतात.)

मेव्हणा म्हणाला, "वेबसाइट मी करून देतो. पण मजकूर लिहिणाऱ्याकडूनच घ्या भाऊजी. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत."

तेव्हा मी ते वाक्य बोललो.

आणि का बोलू नये? एका कंपनीच्या तक्रार विभागात मी उत्तरं लिहितो. माझं उत्तर वाचलेला माणूस पुन्हा म्हणून तक्रार करत नाही. आमचे साहेब तर चारचौघांत सांगतात, "यांचं पत्र गेलं की विषय संपला!"

सगळा रविवार मी लिहीत बसलो. बायको दोनदा डोकावली. "वाचून दाखवा ना."

"पूर्ण झाल्यावर एकदमच बघ," मी म्हणालो. सेवा, अटी, नेहमीचे प्रश्न, काही म्हणजे काही सोडलं नाही. कुणी तक्रार केलीच, तर त्याला आपोआप जाणारं उत्तरसुद्धा लिहून टाकलं. मेव्हण्याने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि वयाचा मान राखून जसंच्या तसं वेबसाइटवर चढवलं.

वेबसाइट सुरू झाली. दुकानातला फोन मात्र ढिम्म हलेना. शेवटी एकदाचा वाजला.

"बॅगदुरुस्ती ना? दुकान सुरू आहे?"

"हो, आहे की!" बायको आनंदाने म्हणाली.

"म्हणजे कोर्टात निकाल लागला तर!"

बायकोला काही कळेना. मला थोडंसं कळलं, पण मी तो विषय वाढवला नाही.

पुढच्या शनिवारी मीही दुकानात होतो. एक आजोबा चाकाची बॅग घेऊन, खड्ड्यावर टाकलेल्या फळीवरून तोल सावरत आले. मागोमाग आजी. आजोबांनी काउंटरवर ओळखपत्र ठेवलं, बॅगेसोबत काढलेला स्वतःचा फोटो ठेवला आणि आजींना पुढे केलं. "या साक्षीदार."

"बॅग यांचीच आहे हो. माझ्यासमोर घेतलीये," आजी म्हणाल्या.

"अहो आजोबा, हे सगळं कुणी आणायला सांगितलं?"

"तुमच्या वेबसाइटने."

बायकोने फोनवर वेबसाइट उघडली आणि ती मोठ्याने वाचायला लागली. "'बॅग आपलीच असल्याचा पुरावा सोबत आणणे आवश्यक. वाद उद्भवल्यास न्यायालयाचा निर्णय अंतिम राहील. चेन दुरुस्त होईल का? प्रत्यक्ष पाहणीखेरीज कोणतेही आश्वासन देता येणार नाही. किती दिवस लागतील? योग्य तेवढे.'" ती थांबली. "अहो, लोकांनी यावं म्हणून लिहायचं होतं!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत असलं काही माझ्याकडे कुणी मागितलंच नव्हतं.

बोलता बोलता तिने चाक बसवलंसुद्धा. "झालं?" आजोबा चक्रावले. "मी आठवडाभर कागद जमवतोय!"

"आजोबा, यायच्या आधी तुम्हाला काय माहीत हवं होतं?"

"चाक बसवता का, कधी मिळेल आणि हा खड्डा चुकवून कसं यायचं."

तिने तिथल्या तिथे भावाला फोन लावला. "लिही. चाक निखळलं, चेन अडकली, बंद तुटला? घेऊन या. बहुतेक कामं तुमच्यासमोर करून देते. रस्ता खणलाय, मागच्या गल्लीतून या. औषधांच्या दुकानाशेजारचं हिरवं दार." ('हिरवं दार'च्या आधी 'सदर' घालावं, असं मी सुचवलं. कुणी लक्ष दिलं नाही.)

आता हिरव्या दारातून माणसं येतात, फोनला उसंत नसते आणि बायको कामाच्या तंद्रीत गुणगुणते. ते ऐकून मला खरंच बरं वाटतं.

"माझा मजकूर काढून टाकलास?" एकदा मी धीर करून विचारलं.

"छे! ठेवलाय की. 'नातेवाइकांसाठी' असं वेगळं पान केलंय."

माझी बहीण, दोन मामेभाऊ आणि एक लांबचे काका 'घरचंच तर काम आहे' म्हणत बॅगा आणून टाकायचे. त्या पानानंतर एकही फिरकला नाही. साहेब उगीच माझं कौतुक करत नाहीत.

परवा माझ्याच बॅगेची चेन अडकली. डबा आत, मी उपाशी. धावत दुकान गाठलं. "अगं, एवढं बघ ना!"

तिने मान वर केली नाही. "नातेवाईक ना? पुरावा आणलात?"

"ही बॅग तूच दिलीस मला!"

"मग साक्षीदार आणा."

रांगेतले सगळे हसले. मी चिडून बाहेर आलो आणि तिथेच उभं राहून वेबसाइटवर सणसणीत तक्रार नोंदवली. लगेच उत्तर आलं. माझंच. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं आणि पुन्हा तक्रार करायची इच्छाच उरली नाही.